लष्करी विमानांची हवेतील टक्कर : कारणांचा शोध कसा घेतला जातो

२८ जानेवारी २०२३ रोजी सकाळी मध्य प्रदेशातील ग्वाल्हेर हवाई तळावरून भारतीय हवाई दलाचे एक सुखोई-३० एमकेआय आणि एक मिराज-२००० ही लढाऊ विमाने नेहमीच्या प्रशिक्षण उड्डाणासाठी निघाली. त्यानंतर थोड्याच वेळात मोरेना जिल्ह्यातील पहाडगढ परिसरात जळते अवशेष कोसळले. त्याच सुमारास शेजारच्या राजस्थानातील भरतपूर जिल्ह्यातूनही विमान पडल्याचे वृत्त आले आणि एकूण किती विमाने कोसळली याविषयीच काही तास संभ्रम राहिला. भरतपूर येथील अवशेष सुखोईचेच असल्याचे पुढे स्पष्ट झाले. सुखोईतील दोन्ही वैमानिक विमानाबाहेर पडून वाचले. मिराजचे वैमानिक विंग कमांडर हनुमंतराव सारथी यांचा मृत्यू झाला. ते बेळगावचे रहिवासी होते. दोन्ही विमानांची हवेत टक्कर झाली काय, झाली असल्यास कशामुळे, हे ठरविण्यासाठी हवाई दलाने त्याच दिवशी ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ नेमली.

अपघातानंतर असे चौकशी मंडळ नेमल्याचे एका ओळीचे वृत्त वाचकांच्या परिचयाचे असते. मंडळ पुढे काय करते, कोणता पुरावा तपासते आणि कारण कशाला म्हणते, याची माहिती मात्र क्वचितच मिळते. हवेतील टक्कर हा तपासाच्या दृष्टीने विशेष प्रकारचा अपघात आहे. बहुतेक वेळा दोन्ही विमाने टकरीच्या क्षणापर्यंत सुस्थितीत उडत असतात. इंजिन बंद पडलेले नसते, पंख निखळलेला नसतो. म्हणून बिघाडाचा शोध बहुधा यंत्रापाशी थांबत नाही. तो माणूस, नियम, प्रशिक्षण आणि संघटना यांच्यापर्यंत न्यावा लागतो. तो तेथवर नेला जातो की वाटेतच सोडून दिला जातो, यावर पुढच्या वैमानिकांची सुरक्षितता अवलंबून असते.

टक्कर कोणत्या परिस्थितीत होते

नागरी विमाने परस्परांपासून दूर राखली जातात. लष्करी विमानांना मात्र कामाचा भाग म्हणूनच एकमेकांजवळ यावे लागते. या जवळिकीच्या स्वरूपानुसार अशा अपघातांचे साधारण चार प्रकार होतात.

पहिला प्रकार निकट रचनेतील उड्डाणाचा. विमाने काही मीटरच्या अंतरावर, एकमेकांच्या हालचालींवर नजर ठेवून उडतात. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी, ‘एरो इंडिया’ प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, बेंगळूरुजवळच्या येलहंका येथे सराव करताना ‘सूर्यकिरण’ पथकाची दोन हॉक विमाने एकमेकांवर आदळली. त्यात विंग कमांडर साहिल गांधी यांचा मृत्यू झाला आणि दोघे वैमानिक बाहेर पडून वाचले. अशा उड्डाणात दृष्टी आणि कौशल्य यांच्याबरोबरच हवेचे वर्तनही निर्णायक ठरते. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून मागे हवेचे जोरदार भोवरे सुटतात आणि त्यात सापडलेले लहान विमान क्षणात उलटू शकते. ८ जून १९६६ रोजी अमेरिकेत एक्सबी-७० या प्रायोगिक बॉम्बफेकी विमानाबरोबर छायाचित्रासाठी रचनेत उडणारे एफ-१०४ त्यावर आदळले आणि दोन वैमानिक प्राणास मुकले. त्यानंतरच्या चौकशीत उड्डाणतंत्राबरोबरच, प्रसिद्धीसाठीच्या या उड्डाणाला परवानगी कशी मिळाली, हाही प्रश्न विचारला गेला.

दुसरा प्रकार हवाई युद्धाच्या सरावाचा. येथे विमाने प्रतिस्पर्धी म्हणून वळणे घेतात आणि प्रत्येकाची दिशा व उंची सतत बदलत असते. म्हणून सरावापूर्वीच किमान अंतर, उंचीचे पट्टे आणि समोरचे विमान दृष्टीआड झाल्यास सराव तत्काळ थांबविण्याचा संकेत ठरविलेला असतो.

तिसरा प्रकार हवेतल्या हवेत इंधन भरण्याचा. इंधन देणारे आणि घेणारे विमान जवळजवळ समान वेगाने उडत असते. त्यामुळे सापेक्ष वेग कमी असला तरी अंतर इतके थोडे असते की लहानशी चूक सावरण्यास वाव उरत नाही.

चौथा प्रकार एकाच अवकाशात वेगवेगळ्या कामांसाठी आलेल्या विमानांचा. २३ मार्च १९९४ रोजी अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यातील पोप हवाई तळावर एक एफ-१६ आणि एक सी-१३० एकाच धावपट्टीकडे येताना एकमेकांवर आदळली. सी-१३० सुखरूप उतरले आणि एफ-१६चे दोन्ही वैमानिक बाहेर पडून वाचले. परंतु त्यांचे जळते विमान जमिनीवर उभ्या असलेल्या सी-१४१ वर जाऊन आदळले आणि जवळच उड्डाणाची वाट पाहत असलेले २४ छत्रीधारी सैनिक मृत्युमुखी पडले. या अपघाताच्या चौकशीत हवाई वाहतूक नियंत्रणातील त्रुटी प्रामुख्याने पुढे आल्या.

हेलिकॉप्टरांनाही हा धोका आहे. ३० ऑगस्ट २०१२ रोजी गुजरातेत जामनगरजवळ हवाई दलाच्या दोन एमआय-१७ हेलिकॉप्टरांची टक्कर होऊन नऊ जणांचा मृत्यू झाला होता.

चौकशीचा अधिकार कोणाचा

नागरी विमान अपघाताच्या चौकशीला आंतरराष्ट्रीय चौकट आहे. आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतुकीविषयीच्या १९४४ च्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात तिचे नियम दिलेले आहेत. चौकशीचा हेतू भावी अपघात टाळणे हा आहे, दोष वा उत्तरदायित्व ठरविणे हा नव्हे, असे तत्त्व त्यात नमूद आहे. भारतात हे काम विमान अपघात अन्वेषण ब्युरो करतो. परंतु त्याच कराराचे तिसरे कलम शासकीय विमानांना, म्हणजे लष्कर, सीमाशुल्क आणि पोलीस यांच्या सेवेतील विमानांना, कराराच्या कक्षेबाहेर ठेवते. परिणामी लष्करी विमानाच्या अपघाताची चौकशी कशी करावी आणि अहवाल प्रसिद्ध करावा की नाही, हे प्रत्येक देश आपल्या कायद्यानुसार ठरवितो.

भारतीय हवाई दलात ही चौकशी ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’मार्फत होते. नावात ‘कोर्ट’ असले तरी ते शिक्षा देणारे न्यायालय नव्हे. पुरावा गोळा करून निष्कर्ष आणि शिफारशी वरिष्ठांपुढे ठेवणारे ते अधिकाऱ्यांचे मंडळ असते. गरजेनुसार उड्डाण, अभियांत्रिकी आणि वैद्यक या क्षेत्रांतील जाणकारांचे साहाय्य घेतले जाते. वैद्यकीय व मानवी घटकांच्या अभ्यासासाठी बेंगळूरु येथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन’ ही हवाई दलाची स्वतःची संस्था आहे. उड्डाण सुरक्षेची देखरेख हवाई दल मुख्यालयातील निरीक्षण व सुरक्षा महासंचालनालयाकडे असते.

अमेरिकेत अशा अपघातानंतर सहसा दोन स्वतंत्र चौकशा चालतात. पहिली केवळ सुरक्षेसाठी असते. तिच्यातील जबाब गोपनीय राहतात आणि ते देणाऱ्याविरुद्ध शिस्तभंगाच्या कारवाईत वापरले जात नाहीत. दुसरी कायदेशीर स्वरूपाची असते. तिचा अहवाल नातेवाइकांना दिला जातो आणि बहुधा प्रसिद्धही होतो. या विभागणीमागचा विचार सरळ आहे. आपली चूक सांगितल्यास शिक्षा होईल अशी भीती असेल, तर वाचलेला वैमानिक किंवा तंत्रज्ञ खरे सांगणार नाही आणि खरे कारण अंधारात राहील. ब्रिटनने आणखी वेगळा मार्ग स्वीकारला. २००६ मध्ये अफगाणिस्तानात निमरॉड विमान कोसळून १४ जणांचा मृत्यू झाल्यानंतर जो स्वतंत्र आढावा घेण्यात आला, त्यातून २०१० मध्ये लष्करी उड्डाणांसाठी ‘मिलिटरी एव्हिएशन अथॉरिटी’ ही नियामक संस्था उभी राहिली. तेथील लष्करी चौकशीचे अहवाल संवेदनशील मजकूर वगळून प्रसिद्ध केले जातात.

अवशेष काय सांगतात

टकरीच्या तपासात पहिले काम अवशेषांचा नकाशा तयार करण्याचे. कोणता तुकडा कोठे सापडला, याची बिनचूक नोंद केली जाते. हवेत तुटलेले हलके भाग वाऱ्याबरोबर दूर जातात आणि जड भाग जवळजवळ विमानाच्या मूळ मार्गाच्या दिशेने पुढे जाऊन पडतात. उंची आणि वाऱ्याचा वेग ठाऊक असल्यास या विखुरण्यावरून टकरीचे स्थान मागे मोजत काढता येते. वैमानिक बाहेर पडल्यावरही विमान काही काळ पुढे जाऊ शकते. म्हणूनच एका अपघाताचे अवशेष दोन राज्यांत सापडणे असंभव नसते.

दुसरा पुरावा धातूवरील खुणांचा. एका विमानाचा रंग दुसऱ्याच्या पत्र्यावर लागलेला आढळला, तर जमिनीवर आदळण्यापूर्वीच दोघांचा संपर्क आला होता हे सिद्ध होते. ओरखड्यांची दिशा आणि कापले गेलेल्या भागांचे कोन यांवरून टकरीच्या वेळी दोन्ही विमाने परस्परांशी कोणत्या कोनात होती, कोणते वर होते आणि कोणते खाली, हे समजते. त्यासाठी तुकडे एकत्र मांडून विमानाची पुनर्रचनाही केली जाते.

तिसरा पुरावा नोंदींचा. उड्डाणाची माहिती साठविणारा आणि कॉकपिटमधील आवाज टिपणारा नोंदक, म्हणजेच रूढ शब्दांत ब्लॅक बॉक्स, हा त्यातील प्रमुख. लढाऊ विमानांत वैमानिकासमोरील दर्शकपटलाचे चित्रीकरण, जमिनीवरील रडारच्या नोंदी, नियंत्रण कक्षाशी झालेले संभाषण आणि सोबतच्या विमानांतील नोंदीही उपयोगी पडतात. येथे एक कष्टाचे काम असते. प्रत्येक यंत्राचे घड्याळ काही सेकंदांनी मागेपुढे असते आणि टकरीच्या तपासात तर एका सेकंदाचाही फरक निष्कर्ष बदलू शकतो. म्हणून सर्व नोंदी आधी एका समान कालरेषेवर आणल्या जातात.

चौथा पुरावा माणसांचा. मृतांची शवचिकित्सा, रक्ततपासणी, झोपेच्या वेळा, मागील काही दिवसांतील कामाचा भार, उड्डाणपूर्व बैठकीत काय ठरले, कोणती अनुज्ञप्ती कधी संपत होती, विमानाच्या दुरुस्तीच्या वहीत काय लिहिले होते, हे सर्व तपासले जाते. वाचलेल्या वैमानिकाचा जबाब मोलाचा असतो, पण तो इतर नोंदींशी ताडून पाहावा लागतो. भीषण क्षणांची स्मृती पुष्कळदा खंडित असते आणि मन तिच्यातील रिकाम्या जागा नकळत भरून काढते.

दृष्टीची मर्यादा

निरभ्र आकाशात समोरून येणारे विमान दिसले कसे नाही, असा प्रश्न प्रत्येक टकरीनंतर विचारला जातो. त्याचे उत्तर गणितात आणि डोळ्यांच्या रचनेत आहे.

समजा दोन लढाऊ विमाने ताशी ८३० किलोमीटर वेगाने समोरासमोर येत आहेत. त्यांच्यातील अंतर ताशी १,६६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४६० मीटर या वेगाने घटते. समोरची वस्तू दिसणे, ती विमान असल्याचे ओळखणे, ते आपल्याच मार्गावर असल्याचे कळणे, कोठे वळायचे ते ठरविणे, हात हलविणे आणि विमानाने प्रत्यक्ष दिशा बदलणे या साखळीला सुमारे साडेबारा सेकंद लागतात, असे अमेरिकेच्या नागरी हवाई वाहतूक प्रशासनाचे मार्गदर्शक कोष्टक सांगते. तेवढ्या वेळात वरील विमाने एकमेकांच्या जवळजवळ पावणेसहा किलोमीटर निकट आलेली असतात. आणि तेवढ्या अंतरावरून समोरून दिसणारे लढाऊ विमान एखाद्या ठिपक्याएवढे असते.

त्यात दुसरी अडचण अशी की, सरळ रेषेत व स्थिर वेगाने टकरीच्या मार्गावर असलेले विमान वैमानिकाच्या काचेवर एकाच जागी स्थिर दिसते. मानवी दृष्टी हलणारी वस्तू चटकन टिपते, स्थिर ठिपका सहज निसटतो. तो मोठा दिसू लागतो तेव्हा फार थोडा वेळ उरलेला असतो. काचेची चौकट, शिरस्त्राण, सूर्याचा झोत, ढगांची पार्श्वभूमी यांमुळे ही मर्यादा अधिक वाढते. म्हणून ‘पाहा आणि टाळा’ हे तत्त्व आवश्यक असले तरी ते एकमेव संरक्षण असू शकत नाही. ‘वैमानिकाने पाहिले नाही’ हे वर्णन खरे असू शकते, पण तेवढ्याने कारण समजत नाही.

‘वैमानिकाची चूक’ या शब्दांनंतर

अपघातशास्त्रात गेल्या काही दशकांत झालेला महत्त्वाचा बदल येथेच दिसतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी मांडलेल्या प्रतिमानानुसार प्रत्येक संघटनेत संरक्षणाचे अनेक थर असतात आणि प्रत्येक थराला छिद्रे असतात. सर्व थरांतील छिद्रे एका रेषेत आली की अपघात घडतो. या विचारावर आधारित एक वर्गीकरणपद्धत अमेरिकी नौदल आणि मरीन कोअरच्या उड्डाण अपघातांसाठी विकसित झाली. तिच्यात चार पातळ्यांवर प्रश्न विचारले जातात : वैमानिकाने कोणती कृती केली, ती करताना त्याची स्थिती व परिस्थिती कशी होती, त्याच्यावरील पर्यवेक्षण कसे होते आणि संघटनेचे कोणते निर्णय या सर्वांमागे होते. पहिल्याच पातळीवर थांबलेली चौकशी अपुरी मानली जाते, कारण तो वैमानिक गेला तरी उरलेल्या तीन पातळ्यांवरील छिद्रे तशीच राहतात.

स्कॉटलंडच्या ईशान्येकडील मरे फर्थ या उपसागरावर ३ जुलै २०१२ रोजी झालेला अपघात याचे स्पष्ट उदाहरण आहे. लॉसीमाऊथ तळावरील एकाच स्क्वाड्रनची दोन टॉर्नेडो जीआर-४ विमाने एकमेकांवर आदळली. चार वैमानिकांपैकी तिघांचा मृत्यू झाला आणि एक गंभीर जखमी अवस्थेत वाचला. चौकशी अहवाल जून २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अपघाताला हातभार लावणारे १७ घटक नोंदविण्यात आले. विमानात टकरीची पूर्वसूचना देणारी यंत्रणा नसणे, हा त्यातील एक महत्त्वाचा घटक होता. टॉर्नेडोसाठी अशा यंत्रणेची गरज अपघाताच्या कितीतरी वर्षे आधी मान्य झाली होती, परंतु ती बसविण्याचा निर्णय वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला. चौकशी ‘वैमानिकांनी एकमेकांना पाहिले नाही’ एवढ्यावर थांबली असती, तर हा विलंब नोंदीत आलाच नसता.

एकाच अपघाताच्या दोन चौकशा

चौकशीचीच चौकशी करावी लागली, असे प्रसंग विरळ असतात. जपानच्या शिकोकू बेटाच्या दक्षिणेस समुद्रावर ६ डिसेंबर २०१८ च्या मध्यरात्रीनंतर झालेली टक्कर त्यांपैकी एक आहे.

इवाकुनी तळावरील अमेरिकी मरीन कोअरचे एफ/ए-१८डी लढाऊ विमान इंधन भरण्याचा सराव संपवून केसी-१३०जे या इंधनवाहू विमानापासून दूर होत असताना त्याच्यावरच आदळले. इंधनवाहू विमानातील पाचही जण आणि लढाऊ विमानातील दोघांपैकी एक, असे सहा जण मृत्युमुखी पडले. पुढील एप्रिलमध्ये लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनच्या प्रमुखासह चार अधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्यात आले. सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाचा रोख प्रामुख्याने स्क्वाड्रनवर होता. वैमानिकांनी अनुमती नसलेली औषधे घेतली होती, युनिटमध्ये बेशिस्तीचे वातावरण होते, असे त्यात म्हटले होते. मृत सैनिकांची नावे या आरोपांशी जोडली गेली.

त्याच वर्षाच्या अखेरीस ‘प्रोपब्लिका’ या अमेरिकी शोधपत्रकारिता संस्थेने सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. मनुष्यबळाची व सुट्या भागांची टंचाई, अपुरे प्रशिक्षण आणि सदोष साधने यांविषयी स्क्वाड्रनने वरिष्ठांना वारंवार सावध केले होते, असे त्यात मांडण्यात आले. मरीन कोअरने त्यानंतर संपूर्ण प्रकरणाचा नव्याने आढावा घेतला. २०२० मध्ये पूर्ण झालेल्या या आढाव्याने पहिल्या अहवालात अनेक चुका असल्याचे मान्य केले. औषधांचा अपघाताशी कारणसंबंध नव्हता आणि वैमानिक या उड्डाणासाठी अपात्र नव्हता, असे स्पष्ट करण्यात आले.

नव्या आढाव्यात कारणांचे चित्र पूर्ण बदलले. इंधन घेऊन झाल्यावर लढाऊ विमानाने नेहमीपेक्षा वेगळ्या पद्धतीने दूर होण्याची परवानगी मागितली आणि ती देण्यात आली. इंधनवाहू विमानाच्या बाह्य दिव्यांची मांडणीही नेहमीसारखी नव्हती. रात्र गडद होती, हवामान प्रतिकूल होते आणि क्षितिजाचा आधार नव्हता. अशा स्थितीत शरीराला वाटणारी दिशा आणि प्रत्यक्ष दिशा यांत तफावत पडू शकते. वैमानिकाचे लक्ष चुकीच्या विमानाच्या दिव्यांवर खिळले आणि ज्यापासून दूर जायचे त्याच विमानाकडे तो वळत गेला. एकत्र आलेल्या या परिस्थितीवर मात करणे त्या वैमानिकासाठी कठीण, किंबहुना अशक्यप्राय होते, असा आढाव्याचा सूर होता. प्रशिक्षण आणि कामकाज यांवरील देखरेखीतील उणिवांचाही त्यात समावेश होता.

या प्रकरणातील सर्वांत क्लेशदायक नोंद मात्र २०१६ ची आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये ओकिनावाच्या परिसरात याच दोन प्रकारच्या विमानांचा इंधन भरताना संपर्क आला होता. दोन्ही विमाने सुखरूप उतरली, कोणी दगावले नाही आणि त्या घटनेची रीतसर सखोल चौकशी झाली नाही. तिच्यातून शिकण्यासारखे जे होते ते नोंदीत आले नाही. अडीच वर्षांनी सहा जण गेले. जीवितहानी न झालेल्या टकरीची आणि थोडक्यात टळलेल्या अपघाताची चौकशीही तितक्याच गांभीर्याने करण्याचा आग्रह सुरक्षातज्ज्ञ धरतात, तो यासाठीच.

अहवाल आणि गोपनीयता

भारतीय हवाई दलाच्या चौकशीचे पूर्ण अहवाल सर्वसाधारणपणे प्रसिद्ध होत नाहीत. विमानाच्या क्षमता, युद्धतंत्र आणि तळांची रचना गुप्त राखणे आवश्यक आहे, हे त्यामागील कारण समजण्याजोगे आहे. तथापि, प्रसिद्धीला मुळीच वाव नाही असेही नाही. ८ डिसेंबर २०२१ रोजी तमिळनाडूत कुन्नूरजवळ एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर कोसळून संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह त्यात असलेल्या सर्वांचा मृत्यू झाला. त्याच्या चौकशीचे प्राथमिक निष्कर्ष जानेवारी २०२२ मध्ये हवाई दलाने जाहीर केले. यांत्रिक बिघाड, घातपात किंवा निष्काळजीपणा ही कारणे त्यात नाकारण्यात आली. दरीतील हवामान अनपेक्षितपणे बदलून हेलिकॉप्टर ढगांत शिरले आणि वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असे सांगण्यात आले.

संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीने डिसेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या अहवालात २०१७ ते २०२२ या काळातील हवाई दलाच्या ३४ अपघातांची नोंद आहे. त्या तक्त्यात कुन्नूरच्या अपघातापुढे कारण म्हणून ‘मानवी चूक (वैमानिक)’ एवढीच नोंद आढळते. दोन्ही वर्णने एकाच घटनेची आहेत. पहिल्यातून हवामानाची सूचना, डोंगराळ भागातील मार्गनिवड आणि दिशाभ्रमाचे प्रशिक्षण यांविषयी पुढचे प्रश्न विचारता येतात. दुसऱ्यातून तसे कोणतेही प्रश्न निघत नाहीत. तक्त्यातील रकाना वर्गीकरणासाठी असतो. कारण म्हणून तोच वाचला गेला, तर चौकशीतून हाती आलेली माहिती वाया जाते.

प्रसिद्ध अहवालाचा उपयोग काय होतो, याचे उदाहरण भारतीय नागरी उड्डाणाच्या इतिहासात आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोईंग-७४७ आणि कझाकस्तानचे आयएल-७६ यांची टक्कर होऊन ३४९ जणांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमान १५ हजार फुटांची नेमून दिलेली उंची सोडून खाली आल्याचे आढळले. पण प्रश्न तेथे संपला नाही. दिल्लीच्या आकाशाचा बराच भाग हवाई दलासाठी राखीव असल्यामुळे येणारी आणि जाणारी नागरी विमाने एकाच मार्गिकेतून नेली जात होती. विमानाची उंची दाखविणारे दुय्यम रडार तोवर कार्यान्वित झाले नव्हते. अपघातानंतर येण्याजाण्याच्या मार्गिका वेगळ्या करण्यात आल्या आणि टक्कर टाळण्याची इशारायंत्रणा विमानांत सक्तीची झाली.

नागरी विमानांतील ही यंत्रणा लढाऊ विमानांत जशीच्या तशी वापरता येत नाही. रचनेत उडणाऱ्या किंवा युद्धसराव करणाऱ्या विमानांत ती अखंड इशारे देत राहील. म्हणून उड्डाणाच्या प्रकारानुसार बदलता येणाऱ्या यंत्रणा, उंचीचे काटेकोर विभाजन, सराव थांबविण्याच्या संकेतांची शिस्त आणि रात्रीच्या उड्डाणांचा पुरेसा सराव, अशा अनेक उपायांची जोड द्यावी लागते. यांपैकी कोणता उपाय कोठे कमी पडला, हे शोधणे चौकशी मंडळाचे काम असते.

एखाद्या टकरीची चौकशी पुरी झाली की नाही, हे तपासण्यासाठी काही साधे प्रश्न पुरेसे आहेत. दोन्ही विमाने त्या क्षणी तेथे का होती? एकमेकांना ओळखण्याचे कोणते साधन त्यांच्याकडे होते आणि ते का निकामी ठरले? ही परिस्थिती पूर्वी कोणाच्या ध्यानात आली होती काय, आणि आली असल्यास त्यावर काय झाले? केलेल्या शिफारशींपैकी किती अमलात आल्या, आणि कोणी पाहिले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा अपघातानंतर अनेक वर्षांनी मिळते. तोवर चौकशी मंडळातील अधिकारी बदललेले असतात आणि स्क्वाड्रनमध्ये नवे वैमानिक आलेले असतात. आधीच्या अहवालातील शिफारशी अमलात आल्या असतील, तर त्याचा पहिला लाभ या नव्या वैमानिकांना होतो.